सीपॅप लावलं, तरी दुपारी पेंग: १५६ रात्रींची वही

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुपारी तीन वाजता एकच ओळ चौथ्यांदा वाचत होते आणि 'परिस्थिती'तली कुठली वेलांटी पहिली, कुठली दुसरी हे उमगत नव्हतं. त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली. घोरण्यासाठी नाही, थकव्यासाठी. त्याआधी सहा वर्षं 'ताण असेल', 'वय झालं' यावर भागवलं होतं. वय ४७.

झोपेच्या तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, सापडला. एएचआय ३४ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ थांबत होता, नाहीतर बराच उथळ होत होता. ३० आणि त्यापुढे 'तीव्र' म्हणतात. ऑक्सिजन सर्वांत खाली ७९ टक्क्यांपर्यंत गेला होता. उपाय: सीपॅप. नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा, आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते.

वही दोन मोजमापांवर सुरू केली. पहिलं एपवर्थची प्रश्नावली: वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत मागे बसल्यावर वगैरे आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकी ० ते ३, एकूण २४ पैकी. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त. माझे १६. दुसरं मोजमाप घरचंच: दुपारी दोन ते पाच या वेळात किती पानं तपासून झाली. पूर्वी २० व्हायची. सध्या ९, आणि त्यातल्या दोनतीन पानांवर पुन्हा हात फिरवावा लागतो.

तारीख त्या सकाळची आहे, रात्र आदल्या दिवशीची.

३ जानेवारी, रात्र १

मास्क लावून २ तास ४० मिनिटं. पहाटे जाग आली तेव्हा मास्क हातात होता आणि मशीन कधीच बंद पडलं होतं. कधी काढला आठवत नाही.

'पहिल्याच सकाळी नवा जन्म झाल्यासारखं वाटलं' असं सांगणारे लोक मला भेटले होते. माझ्या गालावर पट्ट्याचा वळ होता, एवढंच नवं.

४ जानेवारी, रात्र २

३ तास ५ मिनिटं. स्वप्नं फार, आणि रंगीत. डॉक्टर म्हणाल्या, तुटलेली स्वप्नझोप परत मिळाली की सुरुवातीला असं होतं. हे चांगलं लक्षण आहे, असंही म्हणाल्या. दुपारी पानं ८.

७ जानेवारी, रात्र ५

मास्क लावला की गुदमरायला होतं. श्वास घेतेय पण हवा पुरत नाही. मला वाटलं ही भीती आहे, मन घट्ट करावं लागेल. चार रात्री मन घट्ट करण्यात घालवल्या.

कारण साधं निघालं. मशीन आपोआप दाब बदलणारं आहे आणि त्याची कक्षा डब्यातून आली तशीच ठेवली होती: ४ ते २० (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात). शिवाय रॅम्प ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण तास ते ४ वरून सावकाश चढणार. ४ हा सगळ्यांत खालचा दाब. मोठ्या माणसांपैकी कित्येकांना तेवढ्यात हवा कमी पडल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी खालचा दाब ७ केला, रॅम्प १५ मिनिटांवर आणला. त्याच रात्री गुदमरणं थांबलं. मन घट्ट करण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

११ जानेवारी, रात्र ९

सकाळी तोंडाची नुसती कोरड. जीभ टाळ्याला चिकटलेली. माझा मास्क नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उश्यांचा. दाब नाकातून येतो आणि तोंड उघडं पडलं की तिथून निघून जातो. स्क्रीनवर गळती मिनिटाला ४० लिटर दाखवतेय.

हनुवटीचा पट्टा आणला. जबडा वर राहिला, ओठांतून हवा फुरफुरत राहिली. नवऱ्याच्या मते घोड्याचा आवाज. पट्ट्याचे पैसे गेले, ते फार नव्हते.

१६ जानेवारी, रात्र १४

तोंडातून गळती, तर मग नाकतोंड दोन्ही झाकणारा मास्क, असा सरळ हिशेब केला आणि घेतला. मापासाठी कागदी पट्टी नाकाशी धरून आरशासमोर उभी राहिले, मधलं माप निघालं. रात्री हवा थेट डोळ्यांत. पट्टे आवळले. गळती वाढली. आणखी आवळले. नाकाच्या दांड्यावर फोड आला.

मग लहान माप मागवलं. तेच. दुसऱ्या मास्कचे पैसेही पाण्यात. वापरलेला मास्क परत घेत नाहीत. ही अट मी वाचली होती, तरीही.

(१९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी या उपचाराचा पहिला शोधनिबंध मांडला, तेव्हा मास्क रुग्णाच्या नाकावर रोज चिकटवावा लागायचा. फोडावर मलम लावताना हे वाचून थोडं बरं वाटलं.)

२४ जानेवारी, रात्र २२

मास्क बसवून घ्यायला गेले. तिथल्या टेक्निशियन बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही पट्टे बसून आवळता की झोपून?" बसून, अर्थात. त्यांनी मला आडवं केलं, मशीन सुरू करून दाब चढू दिला, सगळे पट्टे सैल केले, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून परत टेकवला आणि मग दोन बोटं जातील इतकेच पट्टे ओढले. झोपल्यावर गाल ओघळतात, चेहऱ्याचा आकार बदलतो. सिलिकॉनची कुशन हवेने फुगून बसते. आवळली की तिला फुगायला जागा राहत नाही आणि सुरकुतीतून हवा सुटते. आठ रात्री मी नेमकं उलटं करत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती नाकाबद्दल. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडणारच, मास्क कुठलाही असो. हे मला सुचायला हवं होतं, कारण मी वर्षानुवर्षं एका नाकपुडीने जगतेय. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, दोन दिवसांत सोडून देऊ नका, हेही बजावलं. रात्री झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर चालू.

आता फक्त नाकावर बसणारा साधा मास्क आहे. गळती ४० वरून ८ वर. एवढी एक गोष्ट जमायला तीन आठवडे गेले. मास्क विकत घेण्याआधी नाकाचा बंदोबस्त केला असता तर दोन मास्क आणि एक पट्टा वाचला असता.

२ फेब्रुवारी, रात्र ३१

महिन्याचा अहवाल. एएचआय २.८. पाचच्या खाली म्हणजे उत्तम. मशीन रोज सकाळी हसरा चेहरा दाखवतं. फोनवर दाखवलं तर ताई म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?"

एपवर्थ १५. दुपारची पानं ९.

म्हणजे ३४ वरून २.८ आणि १६ वरून १५. काल एका अहवालाच्या मुद्रितात मी 'वार्षिक'चा 'वर्षिक' सोडून दिला. मुखपृष्ठावर. तो छापून आला.

८ फेब्रुवारी, रात्र ३७

गुन्हा कबूल करते. मुखपृष्ठानंतर मी चिडून मशीनच्या आतल्या मेनूत शिरले. दोन बटणं एकदम दाबून धरली की उघडतो, हे शोधायला पाच मिनिटं लागली. म्हटलं, ७ ने भागत नाही तर जास्त दाब देऊन बघू. खालचा दाब ११ केला.

तीन रात्री पोट फुग्यासारखं. हवा श्वासनलिकेबरोबर अन्ननलिकेतही शिरते आणि सकाळी ढेकर, कळा, आणखी काय काय. झोप आधीपेक्षा वाईट. एका सकाळी एएचआयही ६ वर गेला. डॉक्टरांनी तपशील पाहून सांगितलं की त्यातले बरेच श्वास घसा मिटल्यामुळे थांबलेले नव्हते. श्वास घेण्याची सूचनाच मेंदूकडून आली नव्हती. दाब वाढवल्यावर काही जणांना तसं होतं. म्हणजे दाब अजून वाढवला असता तर ते अजून बिघडलं असतं.

रागावल्या, पण थोड्याच. दाब परत ७. श्वास सोडताना दाब दोन अंशांनी उतरण्याची सोय चालू केली, त्याने बरंच सुसह्य झालं. मेनूत पुन्हा जाणार नाही असं वचन दिलं आहे. पाळलं आहे.

२० फेब्रुवारी, रात्र ४९

या वहीतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद हीच. खरं तर पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी होती.

डॉक्टरांकडे जागं ठेवणारी गोळी मागायला गेले होते. मोडाफिनिलसारखी औषधं सीपॅप असूनही पेंग राहणाऱ्यांना देतात, हे वाचलं होतं. त्यांनी विचारलं, "किती तास लावता?" मी म्हटलं, सरासरी चार तास बारा मिनिटं. चार तास पुरतात ना? वापर 'पुरेसा' ठरवायला सगळे चाराचा आकडा धरतात.

"आणि झोपता किती?"

पावणेसात.

त्यांनी कागद पुढे ओढून गणित मांडलं. मशीनचा एएचआय मशीन चालू असतानाचाच. ४.२ तास गुणिले २.८, झाले १२. उरलेले अडीच तास मास्कशिवाय, तिथे तासाला ३४, झाले ८५. मिळून ९७, भागिले ६.७ तास. तासाला १४. "हा तुमचा खरा आकडा. मशीनला बिचाऱ्याला काय ठाऊक तुम्ही नंतर काय करता ते."

शिवाय मी मास्क काढते तीनच्या सुमाराला. स्वप्नझोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो, आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यांत सैल पडतात. बहुतेकांचा श्वास तिथेच जास्त अडतो. म्हणजे सौम्य अर्धी रात्र मी मास्क लावून काढत होते आणि वाईट अर्धी रात्र उघड्यावर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दलही त्यांनी सांगितलं: एपवर्थचा आकडा सुधारायला रोज साधारण चार तासांचा वापर लागला, दिवसाची रोजची कामं नीट होऊ लागायला साडेसात. चारच्या पुढेही फायदा वाढत जातो.

गोळी मिळाली नाही. आधी पूर्ण रात्र, मग बघू.

घरी येऊन मशीनमधलं कार्ड काढलं आणि ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दिसतो. ४९ पैकी ३४ रात्री मास्क पावणेतीन ते साडेतीनच्या दरम्यान निघालेला. इतक्या नेमाने मी दुसरं काहीही करत नाही.

२२ फेब्रुवारी, रात्र ५१

तीनचं कोडं सुटावं म्हणून दोन रात्री अडीचचा गजर लावून जागी राहिले. (त्या दोन दिवशी पानं ५ आणि ६. हा खर्चही मांडायला हवा.)

पाणी! पहाटे खोली गार होते, नळीतली दमट हवा थंड पडते, थेंब साचतात आणि वळणाशी गुळगुळ करतात. एखादा थेंब नाकावर. झोपेतल्या माझ्या हाताला एवढं निमित्त पुरतं.

दुरुस्ती तिहेरी. आर्द्रता पाचवरून तीनवर. नळीला जुन्या स्वेटरच्या बाहीचं आवरण. मशीन उशाच्या टेबलावरून उचलून खाली स्टुलावर, पलंगाच्या पातळीखाली, म्हणजे पाणी साचलंच तर माझ्या नाकाकडे येण्याऐवजी मागे उतरेल. गरम नळीही मिळते, पण बाहीने भागलं.

४ मार्च, रात्र ६१

दहा रात्रींची सरासरी ६ तास २० मिनिटं. जाग आली तर मास्क परत लावायचा, मग उजाडायला अर्धा तास का उरला असेना, एवढा एकच नियम. रात्री तीनदा उठावं लागायचं ते आता एकदा. ते मी मूत्राशयाच्या माथी मारलं होतं, पण श्वास अडला की हृदयावर ताण येऊन लघवी जास्त होते असं कळलं.

एपवर्थ १०. पानं १३.

तेरा लिहिताना हात थोडा थरथरला, हे मान्य.

१५ मार्च, रात्र ७२

सात दिवस झाले, गाडी तेरावरच अडली आहे. कधी ११.

वही चाळली तेव्हा चोर सापडला. दुपारी दीडला सोफ्यावर 'पाच मिनिटं' पडण्याची सवय. ती पाच मिनिटं प्रत्यक्षात ४० ते ९०. मास्कशिवाय, अर्थात, कारण सोफ्यावर कोण मास्क लावतं? मग त्या झोपेत श्वास अडतो, उठल्यावर डोकं शिशाचं, आणि रात्री झोप लवकर येत नाही. थकवा घालवण्यासाठी झोपायचे आणि थकवा घेऊन उठायचे.

आता झोपायचंच असेल तर पलंगावर, मास्क लावून, २० मिनिटांचा गजर, आणि तीनच्या आत. मास्क लावायचा कंटाळा येतो म्हणून निम्म्या वेळा झोपतच नाही.

३१ मार्च, रात्र ८८

एएचआयची सरासरी ३, पण अधूनमधून एखादी रात्र ९ किंवा ११. त्या दिवशी पानंही घसरतात. सरासरीत हे लपतं.

आलेखात अडलेले श्वास रात्रभर विखुरलेले नव्हते. वीसपंचवीस मिनिटांत गर्दी करून यायचे आणि मग तासभर शांतता. दाब वर चढूनही ते थांबत नव्हते. आधी वाटलं स्वप्नझोप. पण वेळ ठरलेली नव्हती, पहिल्याच तासातही गर्दी दिसायची.

उत्तर नवऱ्याने दिलं, तेही फोटोतून. दोन उश्या, एक जाड, आणि माझी हनुवटी छातीला टेकलेली. मान अशी मुडपली की घशाची वाटही मुडपते आणि दाबाचं तिथे फार चालत नाही. पाण्याची नळी दुमडल्यावर नळ आणखी सोडून काय उपयोग?

जाड उशी काढली. एक पातळ ठेवली. मान चार रात्री दुखली. एएचआय १.४, आणि गर्दी बंद. माझ्या सगळ्या दुरुस्त्यांत सगळ्यांत साधी हीच, आणि ती सुचायला जवळजवळ तीन महिने लागले.

१२ एप्रिल, रात्र १००

शंभर. एपवर्थ ७. वापर ६ तास ५० मिनिटं. पेंग गेली आहे, हे मी आता खात्रीने लिहू शकते. काल गाडीत मागे बसून दीड तास प्रवास केला आणि बाहेर बघत राहिले.

पण पानं १४. आणि संध्याकाळी सहाला अंगात काही उरत नाही.

इथे मला माझ्या मोजमापाची चूक कळली. पेंग आणि थकवा एकच समजून मी शंभर दिवस मोजत होते. पेंग म्हणजे डोळे मिटतात. थकवा म्हणजे डोळे टक्क उघडे, आडवं पडलं तरी झोप लागत नाही, पण उठून चहाचा कप धुवायचा म्हटलं तरी डोंगर. एपवर्थ फक्त पेंग मोजतं. आजपासून तिसरा रकाना: संध्याकाळी सहाला थकवा, दहापैकी. आजचा ७.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन कसंबसं काठावर. फेरिटिन ११, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. पाळी अनियमित आणि जास्त जाते हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं, आपणहून सांगायला सुचलं नव्हतं. सगळं खापर झोपेवर फोडायची इतकी सवय झाली होती. लोहाच्या गोळ्या सुरू, चहा-कॉफीपासून लांब घ्यायच्या कारण त्याने लोह कमी शोषलं जातं. साठा भरायला महिने लागतील.

औषधांची यादी विचारताना आणखी एक सापडलं. जानेवारीत नाक चोंदलं म्हणून मी रोज रात्री अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायला लागले होते आणि फवारा सुरू झाल्यावरही ती चालूच राहिली. तिने सुस्ती येते हे पाकिटावर लिहिलेलं आहे. मुद्रितशोधकाने पाकीट वाचू नये? डॉक्टरांना विचारून बंद केली. चार दिवसांत सकाळचं धुकं विरळ झालं.

१८ एप्रिल, रात्र १०६

गुरुवारी जाग आली तेव्हा अंग हलकं होतं. कितीतरी वर्षांनी. त्या आनंदात माळा काढला, पुस्तकं झाडली, दोन कपाटं लावली, संध्याकाळी तासभर चालले.

शुक्रवार, शनिवार सपाट. थकवा ९, पानं ६. मशीनचे आकडे दोन्ही रात्री निर्दोष.

सहा वर्षं कमी हललेल्या शरीराला एक चांगली रात्र मिळाली म्हणून ताकद येत नाही, हे गणित मी केलंच नव्हतं. आता रोज दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला तीन मिनिटांची वाढ, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. चांगल्या दिवशी थांबणं वाईट दिवशी निघण्यापेक्षा अवघड आहे.

१० मे, रात्र १२८

थकवा ५. पानं १६.

दरम्यान दोन बारीक गोष्टी. पाचची कॉफी सोडली. ती पेंगेवरचा उपाय होती, पेंग गेली तरी कॉफी राहिली होती. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहा वाजता अर्धा कप पोटात घेऊन मी झोप शोधत होते. आणि अंथरुणावर साडेदहाला, पूर्वी साडेअकराला. वापर ७ तास १५ मिनिटं. तो वाढीव तास मशीन देत नाही, स्वतःच काढावा लागतो. रात्रीचं काम सकाळी हलवलं तेव्हा जमलं.

२४ मे, रात्र १४२

वीज गेली. रात्री एकला मशीन बंद, पहाटे पाचला वीज परत. मास्क काढून तशीच झोपले. नको असलेला प्रयोग फुकटात झाला.

सकाळी डोकं ठणकत होतं. जानेवारीआधी ही डोकेदुखी रोजची होती आणि ती कधी थांबली याची मी नोंदच केली नव्हती. तिची नोंद तिच्या परत येण्यामुळे झाली. पानं १०, आणि तीन वाजता तीच जुनी झापड. गाडी चालवायची होती, नवऱ्याला दिली.

'आता बरं वाटतंय, म्हणजे मशीन कमी केलं तर चालेल का' असा एक किडा महिनाभर डोक्यात होता. तो मेला. बॅटरीची चौकशी सुरू केली आहे.

७ जून, रात्र १५६

तीन दिवस गळती हळूहळू वाढत २० वर गेली. पट्टे बदलले नाहीत, उशी तीच. कुशन बोटांत धरली तर मऊ झाली होती, कडेला तेलकट चकाकी. रोज धुवायची ती मी आठवड्यातून दोनदा धुवत होते. नवी बसवली, गळती ६. मागचा फिल्टर काढला तर तो करडा. तोही बदलला.

फेरिटिन पुन्हा तपासलं: ३१. गोळ्या अजून चालू ठेवायच्या आहेत. एपवर्थ ५. थकवा ३, बुधवारी मात्र ६ होता आणि कारण सापडलं नाही. जागं ठेवणाऱ्या गोळीचा विषय डॉक्टरांनीही काढला नाही, मीही नाही.

आज दुपारी १९ पानं. दुसऱ्या वाचनाला दोन चुका सुटलेल्या सापडल्या. दोन्ही सकाळच्या पानांत.